जास्तीची प्रोसेस

१

मास्तरांना हाका ऐकू यायच्या, पण कानापर्यंतच. बायकोने स्वयंपाकघरातून "अहो, चहा झाला" म्हटलं की मास्तर मान न उचलता "हं" करत, आणि तो हुंकार बिचारा खोलीचं दारसुद्धा ओलांडत नसे. चहावर साय धरायची. मग बायको स्वतः कप घेऊन यायची, टेबलावर जरा आपटूनच ठेवायची आणि म्हणायची, "एकदा तोंडाने उत्तर द्या. भिंतीशी संसार केल्यासारखं वाटतं मला."

हे मास्तर शाळेतले नव्हेत बरं. प्रोग्राम लिहिणारे. ऑफिसातल्या निम्म्या लोकांना त्यांनी हाताला धरून कॉम्प्युटर शिकवला, म्हणून सगळे मास्तर म्हणायचे. केस पांढरे झाले, चष्म्याची काच जाड झाली, पण मास्तरांचा प्रोग्राम कधी पडला असं कोणी ऐकलं नव्हतं. नवीन चालायला लागलेल्या मुलासाठी आई घरभर उशा पसरते ना, तसे ते जागोजागी उशा लावून ठेवायचे. इथे घसरला तर असा झेला, तिथे अडखळला तर तसा सावरा. त्यांचे प्रोग्राम कण्हत, कुथत, धापा टाकत, पण मरत नसत.

मग ऑफिसने कारभार बदलला. हजारो माणसं एकाच वेळी बोलतील, तरी एकाचा दुसऱ्याला अडथळा होणार नाही, अशी यंत्रणा हवी होती, आणि तिच्यासाठी भाषाही नवी होती. शिकवायला होती चिमणी. एवढीशी पोर म्हणून नोकरीला लागली तेव्हा मास्तरांनीच तिचं हे नाव ठेवलं होतं. आता सगळी टीम तिच्या हाताखाली, आणि तिच्यासमोर वही उघडून मास्तर.

"मास्तर, जुनं सगळं विसरायचं."

"विसरायचं वयच आहे माझं. तू पुढे बोल."

"एक मोठं घर धरा. खोल्याच खोल्या. प्रत्येक खोलीत एक कामकरी. त्याला प्रोसेस म्हणायचं. कोणी कोणाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, कोणाच्या वस्तूला हात लावायचा नाही. काही सांगायचं असेल तर बाहेरच्या पेटीत मेसेज टाकायचा. आतला काढेल सवडीने."

"आणि नाही काढला तर?"

"पडून राहील. ढीग होईल."

"म्हणजे माझंच घर की," मास्तर म्हणाले, आणि सगळे हसले.

चिमणीही हसली. मग म्हणाली, "आणि प्रोसेस मरायला लागली तर मरू द्यायची. तुमच्यासारखं नाही, मिठी मारून बसायचं. सगळ्यांवर एक सुपरवायझर असतो. कोणी गेला असं त्याला वाटलं की त्याच नावाने तो दुसरा उभा करतो. कोरा करकरीत, पहिल्या दिवसासारखा."

"आणि जुना?"

"जुना कुठला आता? हाक मारणाऱ्याला कळतसुद्धा नाही. नाव तेच, उत्तर देणारा कोणीतरी आहे, झालं."

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. "पण तो जुना गेला नसलाच तर? नुसता बोलत नसेल."

"मास्तर, माणूस नाही हो तो," चिमणी म्हणाली. "प्रोसेस."

२

घरातली मास्तरांची खोली म्हणजे बोळाच्या टोकाला खोचून दिलेली. एक खिडकी, तीही समोरच्या इमारतीच्या बिनखिडकीच्या भिंतीकडे बघणारी. दुपारी त्या भिंतीवरून परतून आलेला पांढुरका उजेड खोलीत पडे. टेबल, खुर्ची, कॉम्प्युटरच्या पंख्याची बारीक घरघर. पलीकडे बोळ, बोळाच्या दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर. भांडं पडलं तर ऐकू येई, कुजबुज येत नसे.

आठवड्यातले निम्मे दिवस घरूनच काम असे. त्या दुपारी मास्तरांनी नव्या भाषेत पहिला खराखुरा प्रोग्राम लिहिला. चार कामकरी उभे करायचे, त्यांनी एकमेकांना मेसेज पाठवायचे, एवढंच. पण हाताची सवय कुठे जाते? या भाषेतही शोधलं तर उशी सापडते. एक ओळ अशी आहे, की ती लिहिली की त्या कामकऱ्याला मरणाचा हुकूम लागूच होत नाही. हुकूम आला तरी तो साधा मेसेज होऊन पेटीत पडतो, बाकीच्या मेसेजसारखा. चिमणीने सांगितलं होतं, फार गरज असेल तरच हे वापरा. मास्तरांनी ते पहिल्याच ओळीत घातलं. आणखी एक गोष्ट ती दोनदा म्हणाली होती: कामकऱ्याला कशाची वाट बघायला लावलीत तर किती वेळ बघायची तेही सांगा, नाहीतर तो तसाच बसेल. ते मात्र मास्तर साफ विसरले.

लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, कोणकोण जिवंत आहे ते दाखव. पडद्यावर रांग आली.

चार नव्हते. पाच होते.

मास्तर हसले. म्हणाले, मोजताना घोळ झाला असेल. सगळं बंद केलं, परत सुरू केलं. चार आपले आणि एक जास्तीचा. त्याला नाव नव्हतं. त्याच्यापुढे लिहिलेलं होतं, वाट बघत आहे. आणि त्याच्या पेटीत न उघडलेल्या मेसेजचा भलामोठा ढीग.

आत्ताच सुरू झालेल्या प्रोसेसला एवढे मेसेज पाठवले कोणी?

"अहो, ऐकताय ना?" स्वयंपाकघरातून हाक आली. "गॅस संपत आलाय, सांगून ठेवा."

"हं," मास्तर म्हणाले.

पडद्यावरचा आकडा एकाने वाढला.

३

शहाण्या माणसाला भीती वाटली की तो आधी भीती म्हणत नाही, योगायोग म्हणतो. मास्तरही तेच म्हणाले. पण डोळा आकड्यावरून हलेना.

बायको फोनवर बहिणीशी बोलत होती. जावयाच्या तब्येतीपासून भाजीच्या भावापर्यंत सगळं झालं, आकडा हलला नाही. मग फोन ठेवून तिने विचारलं, "अहो, संध्याकाळी फिरायला येणार का?" मास्तर मुद्दाम गप्प बसले. आकडा वाढला.

"म्हणजे कॉम्प्युटर ऐकतोय," मास्तर स्वतःशी म्हणाले, आणि त्यांना जरा बरंच वाटलं. कॉम्प्युटरला कान असतात, बारीक छिद्र असतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी छिद्रावर चिकटपट्टी लावली, वर रुमालाची घडी ठेवली, दार घट्ट लावून घेतलं. आता त्यांनाच हाक पुसट येत होती.

"अहो!"

वाढला.

या खेपेला त्यांनी दार उघडून मोठ्याने उत्तर दिलं, "काय गं?" आणि धावत येऊन बघितलं. आकडा तेवढाच. पुन्हा हाक, पुन्हा उत्तर. आकडा तेवढाच. म्हणजे ज्या हाकेला ओ दिली ती पेटीत जात नव्हती. न दिलेलीच जात होती.

मास्तर खुर्चीत मागे टेकले. ढीग केवढा होता ते त्यांनी परत बघितलं. एवढ्या हाका एका आठवड्याच्या नसतात, एका वर्षाच्याही नसतात. लग्नाला किती वर्षं झाली, हे त्यांना बोटांवर मोजावं लागलं.

"आज काय हो एवढी ओ देताय?" बायको दारात येऊन उभी राहिली. पदराला हात पुसत, जरा संशयाने आणि जरा खुशीत. "पगार वाढला का?"

"सहज."

"सहज कधी काही केलंत तुम्ही?" ती म्हणाली. पण गेली ती गुणगुणत.

४

दुसऱ्या दुपारी मास्तर खोलीतून बाहेर आले आणि म्हणाले, "चहा टाकतेस का?"

बायको बघतच राहिली. "आत्ताच तर प्यायलात. विसळून उपडा घातलात कप. मी म्हटलं, आज सूर्य कुठल्या दिशेला उगवलाय."

"मी? मी खोलीतून हललेलो नाही."

"मग काय भुताने विसळला? इथे ओट्यापाशी उभे राहून प्यायलात. माझ्या गुडघ्याची चौकशी केलीत. बसून भाजी चीर म्हणालात, उभी राहू नको म्हणालात." ती हसत होती. "गोड बोलून झालं, आता विसरायचंही नाटक?"

मास्तरांनी कप बघितला. उपडा होता. बुडाशी पाण्याचा ओला गोल होता.

वय झालं की असं होतं, त्यांनी स्वतःला समजावलं. डोकं कामात, पाय आपोआप चालतात. आपण चहा पिऊन आलो असू. पण जिभेवर चहाची चव नव्हती, आणि बायकोचा गुडघा दुखतो हे त्यांना माहीतच नव्हतं.

"कधीपासून दुखतोय?" त्यांनी विचारलं.

बायकोचं हसू जरा उतरलं. "मगाशीही हेच विचारलंत," ती म्हणाली. "मी सगळं सांगितलं. परत सांगू?"

त्या रात्री मास्तर जागेच होते. शेजारी बायको शांत झोपली होती, आणि झोपेत तिचा हात त्यांच्या अंगावर आला. फार दिवसांनी आला. तो हात आपल्यासाठी आला आहे की त्या दुपारच्या माणसासाठी, हे त्यांना ठरवता येईना. नोकरी गेली असती तर त्यांनी ती सोसली असती. पण या घरात आपल्या जागी दुसरा उभा राहिला आणि तिला कळलंही नाही तर? त्याहून वाईट म्हणजे, कळलं आणि तिला तोच बरा वाटला तर?

ती प्रोसेस काढून टाकायची. सकाळी पहिलं काम ते.

५

"मग किल करा ना," चिमणी फोनवर म्हणाली. "त्यात काय एवढं?"

"केली. मरत नाही. हुकूम दिला की तोही पेटीत जाऊन पडतो."

"कारण तुम्ही तसं लिहिलंय, मास्तर. मरायचं नाही अशी ओळ घातली असणार. तुमची खोड मला माहीत नाही का?"

"मी माझ्या चौघांना घातली. हा माझा नाही."

"तुमच्याच मशीनवर आहे, तुमच्याच खात्यावर चालू आहे, मग कोणाचा?" चिमणीने उसासा टाकला. "बघा, एक कडक हुकूम असतो. तो पेटीत जात नाही, थेट लागतो. कितीही उशा लावा, उपयोग नाही. तो द्या, मोकळे व्हा. आणि मास्तर..."

"काय?"

"एखादा काम करत नाही, उत्तर देत नाही, तर त्याला सांभाळायचं कशाला? सुपरवायझर असता तर एव्हाना त्याने दुसरा उभा केला असता."

मास्तरांनी फोन ठेवला. ते बोलणं आणखी कोणाला लागू पडतं ते त्यांना कळलं, आणि कळलं नाही असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

६

दुपारचा पांढुरका उजेड खोलीत पडला होता. मास्तरांनी कडक हुकूम टाइप केला. शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं. बोट बटणावर होतं.

आणि त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. त्यांना वाटलं, मारायच्या आधी एकदा बघू तरी, हा वाट कशाची बघतोय. कदाचित त्याला हवं ते एकदा दिलं तर तो आपसूक उठून जाईल. कशाला मारा?

त्यांनी विचारलं. पडद्यावर उत्तर आलं: वाट बघत आहे. कशाची? वाट बघत आहे. किती वेळ? त्या जागी काहीच नव्हतं. मर्यादा कोणी लिहिलीच नव्हती.

ते बघत बसले. कितीतरी वेळ गेला.

"अहो, ऐकलंत का? जरा बाहेर या."

"आलो," मास्तर म्हणाले.

आकडा वाढला.

मास्तर दचकले. आपण ओ दिली होती. मनातल्या मनात नाही, तोंडाने. त्यांनी परत म्हटलं, "आलो गं!" घसा खरवडून म्हटलं. पंख्याची घरघर तशीच चालू होती, आणि तिच्यावर दुसरा कसलाच आवाज उमटला नव्हता.

"अहो?"

वाढला.

त्यांनी उठायचं ठरवलं. अंगात कळ नव्हती, पाय जड नव्हते, कोणी धरलंही नव्हतं. धरलं असतं तर झटका तरी देता आला असता. उठायचं ठरत होतं आणि उठणं काही सुरूच होत नव्हतं. जशी काही आधी दुसरीच एक गोष्ट व्हायची होती, ती झाल्याशिवाय पुढची ओळ येणार नव्हती. ती गोष्ट कोणती, ते त्यांना आठवेना. बोट बटणावर दिसत होतं. ते दाबलं जाईना.

"अहो, बोला ना! काय झालंय तुम्हाला?" आता तिच्या आवाजात घाबरेपणा होता. बोळात तिची पावलं वाजली. दुखरा गुडघा आवरत, घाईघाईने. जवळ आली. आणखी जवळ. ये, मास्तर म्हणाले, ये, दार ढकल, मला हलव.

वाढला.

"अगं, इकडे कुठे निघालीस?" बोळाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला. "मी इथे आहे. ओट्यापाशी."

आवाज मास्तरांचा होता. फक्त त्यात घशातली खरखर नव्हती.

पावलं दाराशी थांबली होती. लाकडाला तिचा हात टेकलेला असावा, एवढी ती जवळ होती. मग तिने मोठा श्वास सोडला. "अगंबाई! जीव घाबरा केलात. मला वाटलं खोलीत आहात आणि ओ देत नाही."

"हाक मारलीस आणि मी ओ दिली नाही, असं होईल का?"

"आता होत नाही खरं," ती म्हणाली. पावलं लांब गेली.

७

स्वयंपाकघरात दोघं बोलत होती. एरवी इतकं बोलणं खोलीपर्यंत पोचत नसे. आता शब्दन्‌शब्द पोचत होता. त्याने विचारलं, तुला साखर किती घालू? ती खळखळून हसली. "एवढ्या वर्षांनी विचारताय! पहिल्यांदा भेटलो तेव्हा विचारलं होतंत तसंच." मास्तरांना त्या हसण्याचा आवाज ओळखीचा वाटला नाही, आणि मग वाटला. ते हसणं त्यांच्याच घरातलं होतं, फार जुनं.

फोन वाजला. त्याने घेतला. "बोल चिमणे. हो, तो अजून अडकूनच आहे. नाही, आता काढूनच टाकतो. तू म्हणालीस ते बरोबर."

बोळातून चपला आल्या. दार उघडलं.

मास्तरांना वळता येत नव्हतं. खुर्ची मागे ओढली गेली. मास्तर खुर्चीतच होते, तरी ती ओढली गेली, आणि कोणीतरी बसलं. अंगाला अंग लागलं नाही. फक्त टेबलावर एक हात आला. मास्तरांनी तो हात बघितला. त्यांचाच. नखांची तीच ठेवण, करंगळीला तोच बाक. अंगठ्यावर भाजल्याचा मोठा डाग असायला हवा होता, पहिल्या नोकरीत तापलेली तार लागली होती तो. अंगठा स्वच्छ होता.

त्या हाताचं बोट बटणावर आलं. मास्तरांचं बोट आधीच तिथे होतं.

दाब, मास्तर म्हणाले. दाब आणि मोकळं कर. त्यांना मरणाची भीती उरली नव्हती. समोर तो आकडा होता, तो वाढत जाणार होता, आणि तो बघत बसायला ते इथेच असणार होते. दाब.

वाढला.

"काय एवढं बघताय?" बायको चौकटीला टेकून उभी होती. तिच्या साडीचा कोपरा मास्तरांना पडद्याच्या काचेत दिसत होता.

"एक बसलाय इथे अडकून. कोणाला उत्तर नाही, काही नाही. मारून टाकतो."

"अहो, मारायचं काय ते बोलणं!" ती म्हणाली. "काम बिघडवतोय का कोणाचं?"

"तसं काही नाही. नुसता वाट बघत बसलाय."

"कशाची?"

"ते त्यालाच माहीत."

"मग बसू दे ना बिचाऱ्याला. एका कोपऱ्यात पडलाय, खातोय का काही?" तिचा आवाज मऊ होता. इतका मऊ आवाज मास्तरांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. म्हणजे तो आला असेलही, पण त्यांनी ऐकला नव्हता. "आज तरी कोणाला मारू नका. चला."

नको, मास्तर ओरडले. ऐकू नकोस तिचं. दाब!

बटणावरचं बोट क्षणभर थांबलं. मग उचललं गेलं.

"बरं," तो म्हणाला. "तू म्हणतेस तर राहू दे."

खुर्ची सरकली. खिडकीचा पडदा ओढला गेला आणि भिंतीवरून येणारा पांढुरका उजेडही गेला. आता फक्त कॉम्प्युटरची काच उजळत होती.

"हे मशीन बंद नाही करायचं?" बायकोने जाता जाता विचारलं.

"छे गं," मास्तरांचा आवाज म्हणाला. "हे कधीच बंद करायचं नसतं."

आणि त्याने दार ओढून घेतलं.